सापांचं बेट: दर चौरस मीटरला पाच साप, खरंच?

कांदळवन
शुक्रवार, रात्री १०:४०

घरच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. तुम्हालाही कधी ना कधी आला असेलच. "जगातील सर्वात भयानक बेट! ब्राझीलच्या या बेटावर दर चौरस मीटरला पाच साप! पाय ठेवताच मृत्यू!" खाली कुठल्या तरी हिरव्या अजगराचा फोटो. मावशीने पाठवला, मामाने अंगठा दिला, आणि आमच्या चिरंजीवांनी जेवताना विचारलं, "आई, मग ते साप एकमेकांवर झोपतात का?"

प्रश्न रास्त होता. मी शाळेत गणित शिकवते, आकडा दिसला की हात शिवशिवतात. बेटाचं क्षेत्रफळ ४३ हेक्टर, म्हणजे ४ लाख ३० हजार चौरस मीटर. गुणिले पाच. साडेएकवीस लाख साप! २०११च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या ठाणे शहरात एवढी माणसं नव्हती. बरं, ठाण्यात भाजी, दूध, किराणा बाहेरून येतो. या साडेएकवीस लाखांना कोण पुरवणार?

मग दोन रात्री बसून वाचलं. बेटाचं नाव इल्हा दा क्वेइमादा ग्रांदे. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याच्या किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटर आत, समुद्रात. तिथला साप म्हणजे गोल्डन लान्सहेड, शास्त्रीय नाव बोथ्रोप्स इन्सुलॅरिस. भाल्याच्या पात्यासारखं डोकं, अंग फिकट पिवळं. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, त्याने सापाला उष्णता कळते. आपल्या सह्याद्रीतले चापडे याच खळगेवाल्या कुळातले. अफ्रानियो दो आमाराल या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९२१ साली याचं पहिलं वर्णन केलं. जगात हा साप फक्त या ४३ हेक्टरांवर आहे, आणखी कुठेही नाही.

संशोधकांनी प्रत्यक्ष फिरून जो अंदाज बांधला तो २,००० ते ४,००० सापांचा. म्हणजे शंभर ते दोनशे चौरस मीटरला एक. आमच्या सोसायटीच्या भाषेत, दोन-तीन फ्लॅट मिळून एक साप. हेही काही कमी नाही, पण एकमेकांवर झोपायची वेळ येणार नाही.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. साधारण ११,००० वर्षांपूर्वी, हिमयुग संपून समुद्र चढला तेव्हा ही टेकडी मुख्य भूमीपासून तुटली. वर जे साप होते ते अडकले. मुख्य भूमीवरचा त्यांचा भाऊबंद मोठा झाला की मुख्यतः उंदीर खातो. इथे उंदीर नाहीत. उरले पक्षी. आता उंदराला चावून सोडून दिलं तरी चालतं, तो जाऊन जाऊन कुठे जाणार, मागाहून वास घेत गाठता येतो. पक्ष्याला सोडलं तर तो समुद्रात जाऊन पडणार. म्हणून हा साप पक्ष्याला चावला की सोडतच नाही, तोंडात धरून ठेवतो.

कुणाला आणखी माहिती असेल, किंवा माझं काही चुकत असेल तर सांगा. मुलाला नीट उत्तर द्यायचंय.

खडूस_आजोबा
शुक्रवार, रात्री ११:२५

लेख बरा आहे. अजगराचा फोटो लावणाऱ्याला ग्रुपातून काढा.

पण ब्राझीलपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्या रत्नागिरीत इंग्रज सरकार फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस द्यायचं. १८६२च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवली, तर आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी जमा झाली. लाखाच्या वर! आणि ही निर्मनुष्य बेटावरची गोष्ट नव्हे. जिथे माणसं अनवाणी भारे वाहत होती, जांभ्याच्या गडग्यांत हात घालत होती, तिथली. आमच्या आजीला अंगणात झाडू मारताना फुरसं चावलेलं, ती वाचली ती तिच्या नशिबाने. त्या काळी रत्नागिरीला कुणी 'भयानक बेट' म्हटलं नाही, कारण तिथे फक्त गरीब माणसं मरत होती.

चिमणचारा
शनिवार, सकाळी ७:०५

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. तिथल्या पक्ष्यांना इतक्या वर्षांत अक्कल नाही आली?

पक्षीवेडी
शनिवार, सकाळी ८:५०

@चिमणचारा, आली ना! तोच तर या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि मेसेजवाले नेमका तोच गाळतात.

बेटावर चाळीसेक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. त्यातले जे कायमचे रहिवासी आहेत, उदाहरणार्थ तिथला छोटा रेन, ते सापाला ओळखून असतात. त्यांची शिकार साप क्वचितच करू शकतो. साप जगतो तो मुख्यतः वाटसरूंवर. त्यातही दोनच पक्षी महत्त्वाचे. एक पिवळ्या पायांचा कस्तुर, आणि दुसरा चिलियन इलेनिया नावाचा माशीमार. हा इलेनिया मुठीत मावेल एवढा. खंडाच्या पार दक्षिण टोकाकडे वीण करतो आणि थंडीच्या आधी उत्तरेकडे निघतो. वाटेत दमून बेटावर उतरतो. त्याला या फांदीवर काय आहे हे माहीतच नसतं, कारण असला साप त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो.

म्हणजे कल्पना करा, वर्षातले मोजके आठवडे चंगळ, आणि मग उपास. साप उरलेले महिने जवळजवळ काही न खाता काढतो. पिल्लांचं वेगळं आहे, ती गोमा, बेडूक, सरडे खातात. मोठं होऊन पक्ष्यांवर जायचं.

@कांदळवन, गणित बरोबर, पण सरासरी इथे फसवी आहे हो बाई. बेटाचा काही भाग नुसता गवत आणि खडक आहे. साप दाटीने आहेत ते जंगलात. म्हणजे तुमच्या सोसायटीत सगळे फ्लॅट सारखे नाहीत, ए विंगमध्ये गर्दी आणि बी विंग रिकामी.

कांदळवन
शनिवार, सकाळी ९:१५

मान्य. नदीची सरासरी खोली कमी म्हणून उतरून बुडालेल्या माणसाचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते, आणि स्वतःच बुडाले.

सांतोसचा_सदू
शनिवार, दुपारी ४:३०

अरे वा, आमच्या परसातला विषय निघाला! मी गेली सहा वर्षं सांतोसला बंदरात नोकरीला आहे. बेट इथून खाली, इतान्याएं गावासमोर. हवा स्वच्छ असेल तर किनाऱ्यावरून क्षितिजावर निळसर कुबड दिसतं. बेटाचा माथा दोनशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे दिसतं.

आधी उच्चार. 'क्वेइ' नाही, 'केइ'. आणि इथे 'ग्रांदे'ला 'ग्रांजी' म्हणतात. तर केइमादा ग्रांजी. 'इल्हा' म्हणजे बेट, तेसुद्धा 'इल्या'. सापाला इथले लोक 'जराराका-इल्योआ' म्हणतात, म्हणजे बेटवाली जराराका. मुख्य भूमीवरची ती साधी जराराका, तुपी भाषेतला जुना शब्द आहे. इंग्रजी नाव इथल्या कोळ्याला सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत राहील.

'केइमादा' म्हणजे जळालेली. लोक जमीन मोकळी करायला आणि सापांना पळवायला बेटाला आग लावायचे, म्हणून हे नाव. पक्षीवेडी ताईंनी म्हटलेलं गवत त्याच आगींचं.

गोष्टी तर इतक्या आहेत. चाच्यांनी खजिन्याच्या राखणीला साप आणून सोडले, ही एक. दुसरी, केळी तोडायला उतरलेला कोळी दुसऱ्या दिवशी होडीत रक्ताच्या थारोळ्यात सापडला. तिसरी सगळ्यात लाडकी. दीपगृहाचा राखणदार बायकामुलांसह राहत होता, एका रात्री खिडकीतून साप आले आणि पळता पळता सगळं कुटुंब संपलं. दीपगृह खरं आहे, १९०९ साली बांधलं. १९२०च्या दशकात ते स्वयंचलित झालं आणि राखणदाराची गरज संपली. पण 'यंत्र बसवलं म्हणून माणूस परत आला' ही गोष्ट सांगून कुणाला बिअर पाजत नाहीत.

आता बेटावर नौदल दिव्याच्या देखभालीला जातं, आणि परवानगी घेऊन संशोधक. बाकी कुणाला उतरू देत नाहीत. पण बेटाभोवतीच्या पाण्यात मासेमारी चालते, बुडी मारणारे हौशी लोकही जातात. माझा इथला एक मित्र दोनदा जाऊन आला. साप किती दिसले विचारलं तर म्हणाला, एकही नाही, कासवं दिसली.

तिरपा_डोळा
शनिवार, संध्याकाळी ६:१०

छिद्रान्वेषीपणा म्हणा हवं तर, पण बेट साडेचोवीस अंश दक्षिणेला आहे. मकरवृत्त साडेतेवीसवर. म्हणजे सगळीकडे 'उष्णकटिबंधीय बेट' लिहितात ते काटेकोरपणे चूक आहे. एका अंशाने हुकलं.

सांतोसचा_सदू
शनिवार, संध्याकाळी ७:४०

@तिरपा_डोळा, फेब्रुवारीत इथे या. घामाला अक्षांश कळत नाहीत.

गोंयचो_पाव
शनिवार, रात्री ९:००

'इल्या' वाचून बरं वाटलं. आमच्या तिसवाडीला पोर्तुगीज 'इल्हास' म्हणत, माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांवर तालुक्याचं नाव तेच.

पण त्याहून मोठी गंमत 'जळालेल्या'ची. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत ना, वेंगुर्ला रॉक्स, त्यांना इंग्रज 'बर्न्ट आयलंड्स' म्हणत. हे नाव त्यांनी उचललं पोर्तुगीजांकडून, त्यांचे हे 'इल्हेउस केइमादुस'. जळकी बेटं. तिथेही दीपगृह आहे. दोन महासागर सोडून एकाच भाषेच्या खलाशांनी दोन ठिकाणी तेच नाव ठेवलं. आमचे पात्रांव, म्हणजे पोर्तुगीज मालक, नावं ठेवण्यात फार कल्पक नव्हते, हे मान्य करायला हवं.

पक्षीवेडी
शनिवार, रात्री ९:३५

@गोंयचो_पाव, वा! आणि वेंगुर्ल्याच्या त्या खडकांवर साप नाहीत पण गोष्ट तीच आहे. तिथल्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात, निव्वळ लाळेची. त्या घरट्यांचं सूप परदेशात महाग विकतं, म्हणून तिथून घरटी चोरून नेत असत. २००१च्या सुमारास हे उघडकीला आलं. मग चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी राखण सुरू केली. एकाच जागी सगळा संसार असला की चोराला पत्ता शोधावा लागत नाही.

रोखठोक
रविवार, सकाळी १०:२०

सगळं ठीक. पण एक विचारतो, रागावू नका. हे दोन-चार हजार साप उद्या संपले तर कुणाचं काय बिघडणार आहे? पृथ्वीवर विषारी साप कमी आहेत का? उलट ते इलेनिया की कोण ते सुखाने प्रवास करतील.

डॉ_अडुळसा
रविवार, सकाळी ११:४५

@रोखठोक, तुमच्या घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे का? तिच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. या घराण्यातली पहिली तोंडाने घ्यायची गोळी कॅप्टोप्रिल. आणि तिची वाट जराराकाच्या विषातून निघाली.

१९४९ साली साओ पावलोत मौरिसियो रोशा ई सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की जराराकाचं विष रक्तात मिसळलं की ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. १९६५मध्ये त्यांचाच विद्यार्थी सेर्जिओ फेरेरा याने विषातले असे घटक शोधले, ज्यांनी ब्रॅडिकायनिनचा परिणाम टिकून राहतो. ते घटक घेऊन तो लंडनला गेला. पुढे अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओन्देत्ती यांनी त्यावरून गोळी घडवली. १९८१मध्ये ती बाजारात आली. ही गोळी घेतल्यावर काहींना कोरडा खोकला लागतो, त्यामागेही हेच ब्रॅडिकायनिन असल्याचं मानतात. तेव्हा तुमच्या वडिलांचा खोकला कुठल्या जंगलातून आलाय ते बघा.

मात्र मेसेजवाले हे श्रेय बेटावरच्या सापाला देतात, ते चूक. ते काम मुख्य भूमीवरच्या साध्या जराराकाचं.

आता 'माणसाचं मांस वितळवणारं, पाचपट जहाल विष' याबद्दल. विष कुणावर तपासलं हे आधी विचारावं. या सापाचं विष पक्ष्यांवर जालीम आहे आणि त्याला तसंच असायला हवं, त्याचं जेवण उडणारं आहे. पण 'माणसाला पाचपट घातक' म्हणायला माणसांना झालेले दंश तपासावे लागतील, आणि बेटावरच्या सापाने माणसाला चावल्याची एकही अधिकृत नोंद नाही. बोथ्रोप्स घराण्यातले मुख्य भूमीवरचे साप मात्र ब्राझीलमधल्या बहुतांश सर्पदंशांना कारणीभूत आहेत. सूज, दंशाच्या जागी मांस सडणं, रक्त न गोठणं, मूत्रपिंडाला इजा. साधारण आपल्या घोणसाची आठवण यावी असं चित्र.

रोखठोक
रविवार, दुपारी १२:३०

वडील रामिप्रिलच घेतात. खोकतातही. शब्द मागे.

पक्षीवेडी
रविवार, दुपारी १:१५

मला डॉक्टरांचं उत्तर आवडलं तरी पटलं नाही. म्हणजे औषध निघालं म्हणून साप जगावा? वेंगुर्ल्याच्या पाकोळीतून कुठलंही औषध निघालेलं नाही. आणि @रोखठोक, इलेनिया मोठ्या संख्येने असतात, बेटावर थोडे गेल्याने त्यांना फरक पडत नाही. फरक पडतो तो उलट बाजूने. त्यांच्या वीणीच्या प्रदेशात काही बिघडलं आणि एका वर्षी ते कमी आले, तर सापाला दुसरं ताट नाही. तो पोहून मुख्य भूमीवर जाणार नाही. अख्खं भविष्य दोन पाखरांच्या येण्यावर टांगलेलं आहे. 'पाय ठेवताच मृत्यू' हे लिहिणाऱ्याला कळायला हवं की या बेटावर सगळ्यात जास्त धोक्यात कोण आहे.

डॉ_अडुळसा
रविवार, दुपारी २:००

मान्य. डॉक्टरची सवय, सगळ्याचं प्रिस्क्रिप्शन करायची.

धोक्याबद्दल एक भर. बाहेरून नवं रक्त ११,००० वर्षांत आलेलं नाही, सगळी लग्नं एकाच वाड्यात. अनेक माद्यांमध्ये नराच्या इंद्रियाचे छोटे अवशेष सापडतात, हे आमारालच्या काळापासून नोंदलेलं आहे. जागतिक यादीत हा साप 'अतिसंकटग्रस्त' आहे.

जुनी_पाटी
रविवार, दुपारी ३:२०

मी कधीच काही लिहीत नाही, नुसता वाचक. पण धाग्यात सांतोस आलं आणि राहवलं नाही. माझी उभी नोकरी परळला हाफकिनमध्ये गेली.

१८९६ला मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला लस तयार केली, १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

त्याच १८९९मध्ये तोच प्लेग जहाजांतून सांतोस बंदरात उतरला. तिथे व्हितल ब्राझील नावाचे डॉक्टर गेले, त्यांना स्वतःलाच प्लेग झाला, वाचले. प्लेगवरचं औषध देशात करायला हवं म्हणून साओ पावलोबाहेर बुतांतां नावाच्या शेतावर प्रयोगशाळा काढली, १९०१मध्ये. आज सर्पविषावर काम करणारी जगातली सगळ्यात नावाजलेली संस्था ती. या धाग्यातल्या सापाला नाव देणारे आमारालही तिथलेच.

एकाच साथीची दोन पोरं, एक परळला आणि एक बुतांतांला, आणि दोघीही पुढे प्लेग सोडून सापांकडे वळल्या. कामाची पद्धतही तीच. घोड्याला विषाच्या चढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की ती वेगळी करून घ्यायची. पहाटे तबेल्यातल्या वासाची आठवण अजून येते.

व्हितल ब्राझील यांचं मोठं काम दुसरंच. त्या वेळी फ्रान्समध्ये आल्बेर कालमेत यांनी नागाच्या विषावरून औषध केलं होतं. (तुमच्या दंडावरच्या बीसीजीमधला 'सी' म्हणजे हेच कालमेत.) ते कुठल्याही सापाला चालेल असा दावा होता. व्हितल ब्राझील यांनी ते जराराका आणि तिथल्या रॅटलस्नेकच्या विषावर तपासलं, आणि उपयोग शून्य. ज्या सापाचं विष, त्याच विषावरून केलेलं औषध. आज हे उघड वाटतं.

आंबोलीकर
रविवार, रात्री ८:४५

@जुनी_पाटी काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बोलायला आलो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरची. चापडा त्यात नाही. म्हणजे आमच्याकडे पावसात कुणाला मलबारी चापडा किंवा नाकाड्या चापडा चावला तर त्याच्यावरची खास लस नाहीच. बरोबर ना डॉक्टर? बहुतेक जण सुजून बरे होतात, पण मामला चेष्टेचा नाही.

आणि आता माझं रडगाणं. जून लागला की आंबोलीत कॅमेरेवाल्यांची रीघ. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपसोबत वाटाड्या म्हणून गेलो. मलबारी चापडा ओढ्याकाठी खडकावर शांत बसलेला, शेवाळी रंगाचा, बघत राहावं असा. यांना तो 'फांदीवर, मागे धबधबा' असा हवा होता. मी नको म्हटलं. तरी एकाने काठीने उचलून वेलीवर ठेवला, पडला तर पुन्हा ठेवला. पाऊण तास. वर मलाच म्हणे, "विषारी आहे म्हणता, मग चावत कसा नाही?" माका ह्या फोटूवाल्यांचो भारी राग येता. त्या दिवसापासून रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, सीझनचे पैसे गेले ते गेले.

खळगेवाल्या सापाचं हेच दुर्दैव. तो पळत नाही, बसून राहतो. त्याला वाटतं आपण दिसतच नाही.

डॉ_अडुळसा
रविवार, रात्री ९:१०

@आंबोलीकर, बरोबर. चापड्याच्या दंशाला लक्षणं बघून उपचार, रक्त गोठतंय का यावर नजर. म्हणून चावल्यावर साप 'कुठला का असेना' म्हणून गप्प बसू नये, रुग्णालय गाठावं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नये. आणि ओळखायला म्हणून साप मारून पिशवीतून आणू नका. माझ्या टेबलावर एकदा तो 'मेलेला' साप हललाय.

सांतोसचा_सदू
सोमवार, पहाटे ४:१५

(तुमची पहाट, माझी रात्र.)

जुनी पाटी काकांची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. सांतोसच्या ज्या धक्क्यावर मी रोज जातो, तिथेच तो प्लेग उतरला असणार.

आंबोलीकर, तुमच्याकडे फोटो काढून सोडतात तरी. इथे तो साप चोरून नेतात. काळ्या बाजारात एका सापाला हजारो डॉलर मोजणारे शौकीन आहेत. एकाच बेटावर मिळतो, हीच त्याची किंमत. मेसेजमध्ये लिहितात की बंदी माणसाला सापापासून वाचवायला आहे. थोडीफार असेलही. पण १९८५पासून हे बेट संरक्षित आहे ते सापासाठी.

आणखी एक, तुमच्या मुलासाठी @कांदळवन. हे एकच बेट नाही. याच किनाऱ्यावर आल्कात्राझेस नावाची बेटं आहेत. तिथेही समुद्र चढल्यावर तीच जराराका अडकली. पण तिला पक्षी नाही जमले. ती गोमा आणि सरडेच खात राहिली आणि बुटकी झाली, मोठी होऊनही पिल्लासारखी. २००२मध्ये तिला वेगळी जात ठरवलं. आणि त्या बेटावर आमचं नौदल कित्येक वर्षं तोफांचा सराव करत होतं! २०१६मध्ये ते अभयारण्य झालं. तिसरी एक व्हितोरिया बेटावर, ती बेडकांवर जगते, तिला नाव मिळालं २०१२ला. एकाच आईच्या तीन मुली, तीन बेटांवर दिल्या, आणि ज्या घरात जे शिजलं ते त्यांनी खाल्लं.

कांदळवन
सोमवार, संध्याकाळी ६:३०

@सांतोसचा_सदू, ही शेवटची ओळ मी वर्गात ढापणार आहे.

चिरंजीवांना सगळं वाचून दाखवलं. तोफांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. सापाने पक्ष्याला तोंडात धरून ठेवण्याचं प्रात्यक्षिक पोळीवर झालं.

घरच्या ग्रुपवर सविस्तर दुरुस्ती टाकली, आकडेमोडीसकट. मामाने अंगठा दिला. मावशीने लिहिलं, "छान माहिती, पण तू जाऊ नकोस हो तिकडे."

सांतोसचा_सदू
रविवार, रात्री १०:५०

उशिरा आलो, पण काम करून आलो. काल मुलीला घेऊन बुतांतांला गेलो. साओ पावलो शहराच्या मधोमध, मोठी झाडं, शाळांच्या सहली. २०१०मध्ये तिथे आग लागून जपून ठेवलेले सत्तर हजारांहून जास्त साप जळाले, शंभर वर्षांचा साठा. ती इमारत कुठली ते एका माळीकाकांनी दाखवलं.

जिवंत सापांच्या दालनात काचेमागे इल्योआ होती. मी सोनेरी म्हणून काहीतरी झगमगीत कल्पना केली होती. प्रत्यक्षात जास्त पिकून मऊ पडलेल्या केळ्याच्या सालीचा रंग, त्यावर पुसट त्रिकोण. लांबी माझ्या हाताएवढी. फांदीला वेटोळं घालून झोपलेली. शेजारच्या काचेत भलामोठा अजगर होता, सगळी मुलं तिकडे. माझी लेक दहा मिनिटं थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही हलतच नाही." मी म्हटलं, "वाट बघतेय." "कोणाची?" मग तिला इलेनियाची गोष्ट सांगत बसलो, मागे रांग लागली.

गोंयचो_पाव
सोमवार, सकाळी ९:०५

सुंदर, सदू.

आता कामाचं बोलूया. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. वेंगुर्ल्याहून होडी ठरवून आपल्या जळक्या बेटांभोवती एक चक्कर मारूया का? उतरायचं नाही, गुहेजवळ जायचं नाही, लांबून पाकोळ्या बघायच्या. पक्षीवेडीताई, दुर्बीण तुमची. मासे माझ्याकडे.

रोखठोक
सोमवार, सकाळी ९:२०

मी येतो. पण नक्की ना, तिथे साप नाहीत?